वीस इंची रिंग

माझ्या रिंगवर एक अनोळखी माणूस चढला होता.

म्हणजे अगदी रिंगवर नव्हे. बोर्डाला शिडी लावून तो वरच्या पायरीवर उभा होता. तोंडात पेन्सिल, हातात शिंप्याची टेप. सकाळी कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर माझ्याआधी कुणी येत नसे. आधी खराटा, मग चेंडू, असा माझा क्रम होता. डिचोलीत झाडल्याशिवाय खेळताच येत नाही. रस्त्यावरून खनिजाचे टिपर गेले की कोर्टच्या पांढऱ्या रेषा पुन्हा लाल होतात.

"ओ! कोण रे तू? उतर खाली!"

तो दचकला नाही. पेन्सिल तोंडातून काढून म्हणाला, "थांब गो जरा. एक माप राहिलंय."

"गो?" मी खराटा उचलला. "ओळख ना पाळख, आणि गो?"

"विनोदिनी परब. गार्ड. जर्सी नंबर सात. डाव्या हाताने ड्रिबल करताना जीभ बाहेर काढतेस." त्याने टेप गुंडाळली. "म्हणजे ओळख आहे. एकाच बाजूने, एवढंच."

माझी जीभ आतच होती, तरी मी ओठ घट्ट मिटले.

तो खाली आला. उंच, सावळा, पापण्यांवर लाल धूळ बसलेली. डोळे मात्र… ते मी नंतर नीट पाहिले. तेव्हा फक्त एवढं लक्षात आलं की हा माणूस बोलताना समोरच्याकडे बघतो, आणि बघताना पापणी हलवत नाही.

"मी कृष्णनाथ शेटगांवकर. चोपड्याचा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय, आणि सामने असले की पंच असतो. आज तुमची मॅच माझ्याकडे आहे."

"मग पंच रिंगवर कशाला चढलेत?"

"मडगावला तुझी मॅच मीच बघितली. तुझे निम्मे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागत होते. सगळे एकाच जागी. ज्याचा हात चुकतो त्याचे चेंडू चारी बाजूंना जातात गो. तुझा हात चुकत नव्हता. मग काय चुकत होतं, ते बघायला आलो."

हा प्रश्न मलाही पडायचा. घरच्या कोर्टवर मी एकेका सामन्यात तीस-तीस गुण करायची. गार्ड असून! पेपरात फोटो आला होता. बाहेर गेले की मात्र पंधराच्या पुढे गाडी सरकत नसे. मी बसच्या प्रवासाला दोष द्यायची, कधी पाण्याला.

"वीस इंच," तो हळूच म्हणाला. "दोन्ही बाजूंना."

"किती पाहिजे?"

"अठरा."

मागून एक टिपर गेला.

ती रिंग माझ्या बाबांनी केली होती. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी कॉलेजला कोर्ट मिळालं. खांब आले, बोर्ड आले, रिंगा काही येईनात. माझे बाबा, शांताराम परब, बांद्याहून डिचोलीत आलेले टिपर ड्रायव्हर. त्यांनी गॅरेजमधून दोन जुन्या लॉक रिंगा उचलल्या. टायर चाकावर धरून ठेवणारं ते पोलादी कडं एका ठिकाणी तुटकं असतं. बाबांनी फट वेल्डिंग करून बुजवली, नारिंगी रंग मारला आणि सगळं गॅरेज बरोबर घेऊन त्या बोर्डांवर चढवल्या. कडं गोल होतं, दणकट होतं, खनिजाने भरलेला टिपर त्याने पेलला होता. ते मापावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. डिचोलीत कशाला येईल?

कृष्णनाथने टेप खिशात टाकली. आवाज आणखी खाली आणला. "मी कुणाला सांगणार नाही. सीझन संपू दे. विद्यापीठाच्या संघात तुझी निवड होऊ दे. मग बदला गुपचूप."

तो हे असं म्हणाला जसं कुणी फूल पुढे करावं. आणि मला इतका राग आला…

"का?"

"का म्हणजे… तुझे गुण…"

"ते माझे असले तर तू सांभाळायची गरज नाही. आणि माझे नसले तर मला नकोत." मी खराटा त्याच्या हातात दिला. "झाड. तोवर मी सरांना बोलावते."

"विनोदिनी, ऐक गो…"

"कोपऱ्यातली धूळ पण काढ."

आमचे गोकुळदास सर खेळाचे शिक्षक, मनाने भले, पण त्यांनी कपाळावर हात मारला. "अगे, निवड तोंडावर आलीय! महिनाभर गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"सर, महिनाभर मला झोप लागली नसती."

सामना म्हापशाला हलवला. मी तिथे अकरा गुण केले. त्यानंतर निवड समितीने माझे घरच्या कोर्टवरचे सगळे गुण रद्द केले. दुसऱ्या संघांचेही केले, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. ते तिथे आमच्याकडून मार खाऊनच जायचे. मला नाव पडलं, टायरवाली. पुढच्या सामन्यात मी चेंडू हातात घेतला की गॅलरीतली मुलं "टायर! टायर!" ओरडायची.

पण खरं कठीण घरी होतं.

बाबा अंगणात टिपरखाली झोपून काहीतरी घट्ट करत होते. फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांनाच सगळं सांगितलं.

"खंयच्या मेल्यान मापल्यान ती?" खालून आवाज आला.

"कुणीही मापली असली तरी सरांना मीच सांगितलं, बाबा."

पाय हलायचे थांबले.

"माझी रिंग खोटी?"

"खोटी नाही. मोठी."

ते बाहेर आले. हात पुसले, माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टवर गेले तर शिडीवर बाबा होते. सरांनी शिपायाला रिंग काढायला सांगितलं होतं, पण बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. "मी चढयलंय, मीच उतरयतलंय," एवढंच म्हणाले. दोन्ही कडी खांद्याला अडकवून ते फाटकातून निघून गेले, आणि माझ्याशी बोलणं त्यांनी जेवण मागण्यापुरतं ठेवलं.

कॉलेजची नवी रिंग कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. रिकाम्या बोर्डाकडे बघत मी ड्रिबल करायची. अशीच एकदा कॉलेज सुटल्यावर बसस्टँडवर उभी होते, तर समोर कृष्णनाथ.

"आमच्या गावात शाळेच्या कोर्टवर रिंग आहे. अठरा. मी तीनदा मापलीय. रविवारी ये."

"उपकार करायची तुझी सवय गेली नाही?"

"उपकार नाही गो. कुतूहल. तुझा हात अठरावर काय करतो ते बघायचंय."

"फक्त हात?"

तो पहिल्यांदाच गडबडला. "सुरुवातीला… हात."

मी म्हटलं, देवकीला घेऊन येईन. देवकी आमची सेंटर. तिची उंची बघूनच लोक आवाज खाली करायचे.

डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते शिवोली, आणि शिवोलीहून फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडली की चोपडे. बोटीवर वारा सुटला की केस तोंडावर यायचे आणि कृष्णनाथ पलीकडच्या धक्क्यावर हात मागे बांधून उभा दिसायचा, जणू सहजच आलाय. "सहज आलाय," देवकी म्हणायची. "शर्टाला इस्त्री करून."

पहिल्या रविवारी चेंडू आत जाईचना. ठण्, पुढची कड. ठण्, पुन्हा पुढची कड. मी घामाने आणि रागाने लाल झाले.

"कारण सांगू?" तो रिंगखालून म्हणाला.

"मला बी.एस्सी.ला फिजिक्स आहे. मला माहीत आहे."

"सांग मग."

"चेंडू सपाट जातोय. तिरकं बघितलं की गोल रिंग चपटी दिसते, चेंडूलाही ती तशीच मिळते. वीसमध्ये सपाट चेंडू मावत होता. अठरात मावत नाही. चेंडू वरून उतरायला हवा."

"बरोबर." त्याने चेंडू माझ्याकडे टाकला. "इतकं कळतंय तर टाकत का नाहीस?"

"हाताला कळायचंय अजून!"

"हाताला समजाव. वर टाक. फणसावर चढलेल्या माणसाला काही द्यायचं असतं तसा."

मी हसले. हसता हसताच चेंडू टाकला. तो उंच गेला, चोपड्याच्या आभाळात क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि कुठेही न लागता जाळीतून खाली आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बाबांच्या रिंगला जाळी नव्हती.

"पुन्हा," तो म्हणाला.

"पुन्हा," मी म्हणाले. आणि दोघंही उगीचच हसलो.

सराव संपला की धक्क्याजवळच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव. देवकी मुद्दाम वेगळ्या बाकावर बसायची आणि मुद्दाम सगळं ऐकू येईल इतक्या जवळ.

"तू मला शिकवतोस की लाइन मारतोस?" मी एकदा विचारलंच.

त्याने पाव भाजीत बुडवला. "दोन्ही प्रयोग एकाच वेळी चालू आहेत."

"निष्कर्ष?"

"निरीक्षणं अपुरी आहेत. पुढच्या रविवारी ये."

एका रविवारी भरती होती, फेरीबोट धक्क्याला लागायला वेळ घेत होती. देवकी पुढे गेली होती. पाण्यावर दुपारचं ऊन इतकं लखलखत होतं की डोळे बारीक करावे लागत होते. माझ्या खांद्यावर चेंडूचा लाल ठसा उमटला होता. तो पुसायला त्याचा हात वर आला आणि अर्ध्यात थांबला.

"विनोदिनी… मला तुला एक…"

"काय?"

"म्हणजे बरेच दिवस…"

बोटीने भोंगा दिला.

"कोपर आत ठेव," तो म्हणाला. "टाकताना."

बोटीवर चढल्यावर देवकी म्हणाली, "तुझा कोपर आतच आहे गो. ह्याचाच बाहेर गेलाय."

डिचोलीत कुजबुज सुरू झाली. परबांचं चेडू, म्हणजे मी, रविवारी नदीपलीकडे पेडण्याला जातं म्हणे. आई भाकरी थापताना म्हणाली, "लोक कायबाय बोलतत, विने."

"बोलू दे. निवड झाली की तेच म्हणतील आमच्या आळीतली."

"आणि नाय झाली तर?"

निवड झाली तर बडोद्याला, आंतरविद्यापीठ स्पर्धेला. नाही झाली तर मी कायमची टायरवाली, आणि बाबांची रिंग कायमची चूक. शेवटचं वर्ष होतं. दुसरी संधी नव्हती.

निवड सामना म्हापशाच्या कोर्टवर होता. उमेदवार मुलींचे दोन संघ केले होते, देवकी माझ्याच संघात; पंच दोन, त्यांतला एक कृष्णनाथ. त्याने मला ओळख दाखवली नाही. मीही नाही. समितीचे अध्यक्ष टेबलामागे बसले होते, कडक पांढऱ्या शर्टात. माझं नाव वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"तीच ना? टायरवाली?"

मुली हसल्या. गॅलरी हसली. मी वॉर्मअप सोडून टेबलाकडे गेले.

"सर, खेळ सुरू होण्याआधी रिंग मापून घ्या."

"इथली बरोबर आहे."

"तुम्ही मापलीय?"

ते थबकले. "त्याची काही गरज…"

"माझ्या रिंगला ती गरज होती, तर हिला पण आहे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल म्हापशाची पण मोठी होती. आणि सर, तुम्हीच मापा. दुसऱ्याने मापली की लोक विश्वास ठेवत नाहीत."

शिडी आली. अध्यक्ष, कडक पांढऱ्या शर्टासकट, चढले. हसणं बंद झालं होतं. वरून आवाज आला, "अठरा." जरा खोल गेलेला आवाज.

"थँक यू, सर. आता टायर म्हणा."

पहिला चेंडू कडेला लागला. "टायर!" कुणीतरी लगेच ओरडलं. दुसरा मी वर टाकला. जाळी वाजली. तिसरा, जाळी. समोरच्या गार्डला मी डावीकडे नेलं, उजवीकडून सुटले, जीभ बहुधा बाहेर होती, असू दे. मध्यंतरापर्यंत गॅलरी गप्प झाली, आणि उत्तरार्धात तीच पोरं माझ्या प्रत्येक उडीला श्वास रोखायला लागली. तेव्हाच मला भिंतीजवळ खाकी शर्ट दिसला. बाबा. टिपर बाहेर रस्त्यावर उभा करून आले असणार. हाताची घडी, चेहरा बंद.

शेवटच्या क्षणी आमचा संघ तीन गुणांनी मागे होता. देवकीने चेंडू माझ्याकडे फेकला. तीन गुणांच्या रेषेपाशी मी उडाले. चेंडू उंच, खूप उंच गेला… आणि जाळी वाजली. भोंगा झाला. देवकीने मला उचललंच.

कृष्णनाथचा हात वर होता. दोन बोटं.

दोन. तीन नव्हे. पाय रेषेवर. एका गुणाने हरलो.

"आंधळा मेलो!" देवकी किंचाळली. "भाजी-पाव खाताना बरं दिसतं ह्याला!"

मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या टोकाला ओला पांढरा रंग लागला होता. आमच्या सामन्याआधीच रेषा नव्याने मारल्या होत्या.

"देवकी, खाली ठेव मला. पाय रेषेवर होता."

कृष्णनाथ माझ्याकडे बघत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण बोटं दोनच होती, आणि ती हलत नव्हती. ज्याने पहिल्या भेटीत मला गप्प राहण्याची भेट देऊ केली होती, त्याने आज सगळ्या गॅलरीसमोर मला काहीही दिलं नाही. आणि त्याच क्षणी मला तो हवासा झाला. इतका, की छातीत दुखलं.

नावं वाचायला सुरुवात झाली. मी गुण मोजले नव्हते. कुणीतरी म्हणालं, दोन्ही संघांत सर्वांत जास्त माझे होते. एकेक नाव येत होतं, माझं येत नव्हतं. मग अध्यक्षांनी कागद खाली केला.

"विनोदिनी परब." ते थांबले. "बाहेरगावी जायचंय. घरची परवानगी आहे ना? आणि लग्नबिग्न ठरत असेल तर आत्ताच सांग. मुली ऐनवेळी संघ सोडतात, मग आमची पंचाईत."

मुलांच्या संघाला त्यांनी हे विचारलं नव्हतं. सकाळी मी तिथेच होते.

"लग्न ठरलं नाही, सर," मी म्हणाले. आवाज सगळ्या कोर्टवर पोचला. "मुलगा ठरलाय. तो तिथे शिट्टी घेऊन उभा आहे. त्याला अजून विचारायचंय. पण संघ मी सोडणार नाही. लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही."

कुणीतरी शिट्टी मारली. पंचाने नव्हे, पंचाच्या तोंडातून त्याची शिट्टी गळून दोरीला लटकत होती.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे? पंचाशी तुझं… हे बरं नाही हं!"

"म्हणूनच एका गुणाने हरलो, सर."

आधी देवकी हसली, मग सगळेच. अध्यक्षही, नाइलाजाने. कृष्णनाथ कोर्ट ओलांडून माझ्यासमोर आला. नेहमीसारखं डोळ्यांत बघत. या वेळी पापणी हलली.

"विचार ना मग," तो म्हणाला.

"बडोद्याहून आले की…"

"हो."

"प्रश्न तरी पुरा होऊ दे!"

"नको. हो."

मी काही बोलणार इतक्यात खाकी शर्ट आमच्यामध्ये येऊन उभा राहिला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जुना टायर विकत घेताना बघतात तसं. किती दिवसांनी ते मोठ्याने बोलत होते.

"तिचो पाय खराच लायनीर होतो?"

कृष्णनाथ सरळ उभा राहिला. "होता."

बाबा माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

"बरा," बाबा म्हणाले. मग दुसरीकडेच बघत, "जेवूक घेऊन ये त्येका. पण आधी बडोदा. मगे ह्या."

"आधी-मगे नाही, बाबा," मी म्हणाले. "दोन्ही."